पेन्सिलीने दिलेली साक्ष

सूसमध्ये खरेदीखत म्हणजे काय हे ठाऊक नसलेला माणूस मिळणं कठीण. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इथल्या माळावर, टेकडीच्या उतारावर इमारती उठल्या, २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं, आणि या सगळ्या काळात घराघरांतून जमिनीचे कागद फिरत राहिले. त्या कागदावर खरेदी देणार आणि खरेदी घेणार यांच्या खाली आणखी दोन सह्या असतात, साक्षीदारांच्या. जमीन त्यांची नसते, पैसाही त्यांचा नसतो. तरी त्यांच्या सह्यांवाचून कागद लंगडा वाटतो, कारण ‘हे माझ्यासमोर झालं’ एवढंच सांगायला ते तिथे असतात.

आता एक कोडं. दुसऱ्या महायुद्धातल्या लँकॅस्टर बाँबर विमानाचं रंगीत चित्र आहे. त्याच्या दोन प्रती एकाच छापखान्यात, एकाच कागदावर, एकाच दिवशी छापलेल्या. एकीच्या तळाशी फक्त चित्रकाराची सही. दुसरीच्या तळाशी आणखी चार-पाच सह्या, त्याही साध्या पेन्सिलीने केलेल्या, काही तर हात थरथरत असताना केलेल्या. दुसरीची किंमत पहिलीच्या दुप्पट, तिप्पट, कधी त्याहूनही चढी. शाई तीच, कागद तोच, विमान तेच. मग वाढीव पैसे कशाचे?

ब्रिटन-अमेरिकेत अशा चित्रांचा मोठा बाजार आहे. तो चालतो कसा हे समजून घेतलं, तर आपल्याकडच्या एका अगदी साध्या पाकिटाकडेही वेगळ्या नजरेने पाहता येतं. त्या पाकिटाकडे नंतर येऊच.

लोहगावचे बाँबर

सूसच्या आकाशात सुखोईचा गडगडाट नवा नाही. विमान दिसेपर्यंत ते बावधनच्या पलीकडे गेलेलं असतं. ती येतात लोहगावहून. हा तळ १९३९ मध्ये, मुंबईच्या रक्षणासाठी म्हणून उभा राहिला. लढाऊ विमानांसाठी तो आज ओळखला जातो, पण अनेक वर्षं तो बाँबरचा तळ होता, हे पुण्यातही फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

ते बाँबर आले कुठून, हेही ऐकण्यासारखं आहे. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला अमेरिकन बनावटीची लिबरेटर बाँबर विमानं मोडून-तोडून टाकून दिली होती. पुन्हा कुणाला वापरता येऊ नयेत अशी तजवीज करूनच ती टाकली होती. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगाऱ्यातून एकेक विमान उभं केलं, जामशेद मुन्शी या कंपनीच्या चाचणी वैमानिकाने ती बंगळूरला उडवत नेली, आणि त्यांतून १९४८ मध्ये भारतीय हवाई दलाची पहिली जड बाँबर स्क्वॉड्रन उभी राहिली. भंगारातली ही विमानं १९६८ पर्यंत उडली. नंतर परदेशी संग्रहालयांनी ती मागून नेली : एक १९६८ मध्ये कॅनडाला गेलं, एक १९७४ मध्ये ब्रिटनला. ज्यांनी विमानं मोडून टाकली, त्यांच्याच संग्रहालयाला आपण एक चालतं लिबरेटर भेट दिलं. दिल्लीच्या पालम संग्रहालयात अजून एक उभं आहे.

१९५७ मध्ये कॅनबेरा आली. जेटची, दोन इंजिनांची. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी, गोवामुक्तीच्या मोहिमेत, लोहगावहून बारा कॅनबेरा उडाल्या. विंग कमांडर एन. बी. मेनन त्यांचे नेते होते. गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर त्यांनी काही मिनिटांत ६३ हजार पौंड, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस टन बाँब टाकले. मग विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली आणखी आठ विमानांचा दुसरा हल्ला झाला. विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही, असा हुकूम होता. धावपट्टी खड्ड्यांनी भरली, तरी त्या रात्री ती घाईघाईने थोडी बुजवून पोर्तुगीजांनी दोन प्रवासी विमानं अंधारात उडवून नेलीच.

हे सगळं आपल्या दारातून झालं. पाषाणची एआरडीई, जिथे आजही आपल्या हवाई दलाच्या बाँबचे आराखडे होतात, ती तर सूसपासून फार दूर नाही. पण लोहगावहून निघालेल्या त्या बारा विमानांचं, त्यांतल्या माणसांच्या सह्या असलेलं चित्र पुण्यातल्या एखाद्या दिवाणखान्यात पाहिलंय का? मी तरी नाही.

सुखटणकर नावाचा नॅव्हिगेटर

लंडनच्या हेंडन भागातल्या रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात एक खरं लँकॅस्टर उभं आहे. क्रमांक आर ५८६८, लाडकं नाव ‘एस फॉर शुगर’. सव्वाशेहून अधिक मोहिमा करून ते शाबूत परतलं, ही त्या काळात जवळपास अशक्य गोष्ट होती. नाकाच्या डाव्या अंगाला बाँबच्या छोट्या आकृत्यांच्या रांगाच रांगा रंगवल्या आहेत. प्रत्येक आकृती म्हणजे एक मोहीम. त्याखाली जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याची फुशारकी लिहिली आहे, की शत्रूचं एकही विमान जर्मनीवर उडू शकणार नाही. ती त्याच्याच नावाने, शंभराहून अधिक बाँबच्या चित्रांखाली.

या विमानातून उडालेल्यांत शैलेंद्र एकनाथ सुखटणकर होते. ब्रिटिश हवाई दलाच्या बाँबर कमांडमध्ये नॅव्हिगेटर म्हणून त्यांनी एकूण ४५ मोहिमा केल्या, त्यांतल्या काही याच विमानातून, आणि त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. नाव वाचताच आपल्याकडच्या वाचकाला ते ओळखीचं वाटेल. नॅव्हिगेटरचं काम काय, तर पडदा ओढलेल्या छोट्या कोपऱ्यात, दिव्याच्या उजेडात, नकाशावर पेन्सिलीने रेघा ओढत बसायचं. वारा किती, वेग किती, मागच्या वळणापासून किती मिनिटं झाली, यांवरून आपण आत्ता कुठे आहोत हे सांगायचं. बाहेर तोफा फुटत असताना त्याने गणित चुकवायचं नाही. खिडकीतून बघायला त्याला बहुतेक वेळ मिळायचाही नाही.

लँकॅस्टरमध्ये सात माणसं असत : वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बाँब नेमका टाकणारा, वायरलेसवाला, पाठीवरच्या मनोऱ्यातला गनर आणि शेपटातला गनर. शेपटातला गनर सगळ्यांत एकटा आणि सगळ्यांत थंडीत. या सातांपैकी चित्रात डोळ्याला कोण दिसतो? फार तर काचेआडचा वैमानिक, आणि शेपटाकडे एखादा ठिपका. बाकीचे पत्र्याच्या आत. बाँबर-चित्राची पहिली अडचण हीच आहे : ज्यांचा गौरव करायचा, ते दिसतच नाहीत.

रात्र रंगवायची कशी

दुसरी अडचण उजेडाची. ब्रिटिश बाँबर कमांडचं बहुतेक काम रात्री चाले, आणि म्हणूनच त्यांच्या विमानांची पोटं काळी रंगवलेली असत. काळ्या आकाशात काळं विमान हुबेहूब रंगवलं तर चित्र म्हणजे निव्वळ काळा कागद होईल. म्हणून लँकॅस्टरची इतकी चित्रं संध्याकाळी उड्डाणाच्या वेळची किंवा पहाटे परतताना धुक्यात उतरतानाची असतात. चित्रकार त्या वेळा केवळ हळव्या म्हणून निवडत नाहीत. त्या दोनच वेळी विमान आकाशाच्या उजेडात नीट दिसतं. खुद्द हल्ल्याचं चित्र काढायचं तर उजेड खालून आणावा लागतो : सर्चलाइटचे झोत, पेटलेलं शहर, पाथफाइंडर विमानांनी लक्ष्यावर सोडलेले लाल-हिरवे दिवे. मग पंखांच्या खालच्या बाजूला तांबूस छटा आणि वर अंधार, असं उलटं छायाप्रकाशाचं चित्र तयार होतं. हे जमणारे चित्रकार थोडे.

अमेरिकन बाँबर दिवसा उडत, म्हणून त्यांची चित्रं वेगळी दिसतात. निळं आकाश, आणि प्रत्येक इंजिनामागे पांढऱ्या रेघा. इंधन जळताना पाण्याची वाफ होते. वीस-पंचवीस हजार फुटांवरच्या थंडीत ती क्षणात गोठते आणि बर्फकणांची रेघ उरते. त्या रेघा कुठे सुरू होतात तेही मोजून रंगवावं लागतं, कारण बाहेर पडल्या पडल्या वाफ दिसत नाही, थोडं मागे गेल्यावर दिसू लागते. कीथ फेरिस या अमेरिकन चित्रकाराने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन हवाई संग्रहालयात १९७६ मध्ये बी-१७ बाँबरचं एक भित्तिचित्र पूर्ण केलं : २५ फूट उंच, ७५ फूट रुंद. समोर उभं राहिलं की आपणच शेजारच्या विमानात आहोत असं वाटावं, एवढ्या मापाचं.

या चित्रकारांना आणखी एक जाच असतो, आणि तो म्हणजे बघणारा. निसर्गचित्रात झाडाची फांदी इकडची तिकडे गेली तर कोण हरकत घेणार? विमानाच्या चित्रात रिव्हेटची ओळ चुकली तरी कुठल्यातरी आजोबांचं पत्र येतं. आपल्या कॅनबेराचंच पाहा. आपल्याकडच्या मुख्य बाँबर प्रकारात वैमानिकाचा काचेचा घुमट मध्यावर नव्हता, डावीकडे सरकलेला होता. नॅव्हिगेटर त्याच्या शेजारी नसे. तो पुढे नाकात बसे, आणि बाँब टाकताना पालथा झोपून काचेतून खाली बघे. वैमानिकाला संकटात बाहेर फेकणारी इजेक्शन सीट होती, नाकातल्या नॅव्हिगेटरला नव्हती. त्याने दारातून, पॅराशूट बांधून, स्वतः उडी मारायची. समोरून, किंचित खालून विमान काढलं तर हे सगळं दिसतं : सरकलेला घुमट, नाकाची काच, काचेआड एक माणूस. घुमट मध्यावर काढणारा चित्रकार कॅनबेराजवळ कधी गेलेला नाही, हे ओळखायला हवाई दलातल्या माणसाला एक क्षण पुरतो.

मर्यादित आवृत्ती कशाने मर्यादित?

मूळ तैलचित्र एकच असतं आणि ते महाग असतं. त्याचं छायाचित्र घेऊन छापलेल्या प्रती म्हणजे प्रिंट. पूर्वी या बहुतेक ऑफसेट पद्धतीने छापत. चार शाया : निळी, गुलाबी, पिवळी, काळी. प्रत्येक शाईचे ठिपके वेगळ्या कोनात पडतात. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून बघितलं की त्या ठिपक्यांची बारीक फुलं दिसतात. डोळा दूर नेला की ठिपके विरघळतात आणि आकाश होतं. आता अनेक प्रिंट इंकजेटवर निघतात. तिथे फुलं दिसत नाहीत, बारीक फवारा दिसतो.

प्रतीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा असतो, समजा १२०/५००. ही पाचशेपैकी एकशे विसावी प्रत. हा रिवाज जुना आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत, तेव्हा पत्रा झिजायचा. पहिल्या प्रती ठसठशीत, शेवटच्या पुसट. तेव्हा आकड्याला खरा अर्थ होता. ऑफसेटमध्ये पाचशेवी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ असते, आणि आकडे घालतात ते छापल्याच्या क्रमानेच असं नाही. म्हणजे आज मर्यादा यंत्राची नसते, प्रकाशकाने दिलेल्या शब्दाची असते : याउपर छापणार नाही. शब्द पाळणारा प्रकाशक असेल तरच त्या आकड्याला मोल. एक नंबरची प्रत हवी म्हणून अडून बसणारे लोक असतात. हौसेला मोल नाही हे खरंच, पण त्यात दुसरं काही नाही.

पाचशेच्या पलीकडेही थोड्या प्रती निघतात, त्यांवर ‘एपी’ (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहिलेलं असतं. त्या पूर्वी चित्रकाराला छपाई तपासायला दिल्या जात. आता त्या साधारण दहा टक्के असतात आणि जरा चढ्या भावाने विकल्या जातात. त्याहून वरचा प्रकार म्हणजे रिमार्क. यात चित्रकार प्रतीच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर स्वतः हाताने छोटं पेन्सिल-चित्र काढून देतो. तेवढा भाग खरोखर एकमेव असतो.

आणि मग सह्या. ब्रिटनमधल्या बाथ शहरात, तरुणपणी फ्रेमच्या दुकानात काम केलेल्या रॉबर्ट टेलर या चित्रकाराने आणि त्याच्या प्रकाशकाने ही रीत रुजवली. विमान रंगवायचं, छापायचं, आणि मग ते विमान खरोखर चालवलेल्या माणसांसमोर प्रतींची चळत ठेवायची. एकेक प्रत सरकवत ते सही करतात. सुरुवात लढाऊ विमानांच्या नामवंत वैमानिकांपासून झाली; दोन्ही पाय गमावूनही उडालेले डग्लस बेडर त्यांत होते. मग बाँबरवाल्यांचा नंबर लागला.

कोड्याचं अर्धं उत्तर इथे मिळतं. चित्रकाराने विमान छायाचित्रावरून, खेळण्यातल्या प्रतिकृतीवरून, कागदपत्रांवरून काढलेलं असतं. तो तिथे नव्हता. खाली सही करणारा होता. खरेदीखतावरच्या साक्षीदाराचं जे काम, तेच इथे हा म्हातारा करतो. वाढीव पैसे त्या साक्षीचे.

> चौकट : अशी प्रिंट हाती आली तर
>
> सही भिंगाखाली बघा. छापलेली सहीही ठिपक्यांचीच असते. खरी पेन्सिल कागदाच्या तंतूंवर चमकते.
>
> प्रत उजेडाकडे तिरकी धरा. पेन्सिलीच्या दाबाने कागदावर बारीक खाच पडलेली दिसायला हवी.
>
> सह्या चित्राच्याच कागदावर आहेत का, की वेगळ्या पट्टीवर करून माउंटच्या खिडकीत बसवल्या आहेत? दुसऱ्या प्रकारात लबाडी नसते, पण किंमत कमी.
>
> सही पेन्सिलीचीच का? बॉलपेन आणि स्केचपेन उजेडाने फिकट होतात. पेन्सिल म्हणजे ग्राफाइट, म्हणजे कार्बन. तो उडत नाही.
>
> प्रमाणपत्रावरचा आकडा आणि प्रतीवरचा आकडा एकच आहे ना?

पुण्यात एक सूचना अधिक. फ्रेमवाला मागे हार्डबोर्ड ठोकतो आणि कडा सेलोटेपने चिकटवतो. हार्डबोर्डमधलं आम्ल काही वर्षांत कागद तपकिरी करतं, सेलोटेपचा डाग कधीच जात नाही. आम्लरहित माउंट मागून घ्यावं, काच आणि चित्र एकमेकांना टेकू देऊ नयेत. आणि सूससारख्या ठिकाणी, जिथे पावसाळ्यात टेकडीवरून येणारा पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर चार महिने आपटतो, त्या भिंतीवर चित्र लावूच नये. ओल आतून येते. बुरशीचे तांबूस ठिपके दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. आतली, दोन खोल्यांमधली भिंत उत्तम.

कोणाच्या सह्या नाहीत

कोड्याचं उरलेलं उत्तर जरा कठोर आहे.

बाँबर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख माणसं उडाली. त्यांतली ५५ हजार ५७३ मेली. शंभरात चव्वेचाळीस. सात जणांच्या लँकॅस्टरमध्ये सरासरी तीन. हे सगळे स्वेच्छेने आलेले, बहुतेक विशीतले. एका माणसाची पाळी साधारण तीस मोहिमांची असे. ती पुरी होईपर्यंत जगणं हाच खरा जुगार. सुखटणकरांच्या ४५ मोहिमा या आकड्यांशेजारी ठेवल्या की त्यांचं वजन कळतं.

१६ मे १९४३ च्या रात्री जर्मनीतली धरणं फोडायला ६१७ स्क्वॉड्रनची १९ लँकॅस्टर गेली. बाजारात सगळ्यांत जास्त चित्रं या एका रात्रीची आहेत. १३३ जण गेले. ५३ त्या रात्रीच मेले, तिघे पकडले गेले. नेता गाय गिब्सन परतला, पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या मोहिमेवर मारला गेला. तेव्हा सह्यांच्या प्रिंटचा धंदा जन्मालाही आला नव्हता. म्हणून या मोहिमेच्या कुठल्याही प्रिंटवर तिच्या नेत्याची सही नसते. सही करायला उरला तो साधा सार्जंट, अगदी कोवळा गनर, जो वाचला आणि म्हातारा झाला. त्या रात्रीच्या क्रूपैकी शेवटचे उरलेले जॉनी जॉन्सन डिसेंबर २०२२ मध्ये वारले. तेव्हापासून धरणफोड्यांची नवी सही होणं बंद.

म्हणजे प्रत्येक सही वाचलेल्याची. चित्र मेलेल्यांच्या गौरवाचं म्हणवतं, पण ते सही करू शकत नाहीत. त्यांच्या वतीने वाचलेला करतो. मला हे या साऱ्या प्रकारातलं सगळ्यांत खरं वाटतं, आणि सगळ्यांत अवघडही. बाजार मात्र त्याचा साधा हिशेब करतो : साक्षीदार कमी होत जातात, सह्या वाढत नाहीत, भाव चढतो. माणूस गेल्याची बातमी आली की जाहिरातीत तसा शेरा पडतो. वाईट वाटतं, पण लपवण्यासारखं काही नाही.

तरी गुंतवणूक म्हणून कुणी या वाटेला जाऊ नये, असं माझं मत. हे विकत घेणारी पिढीही सह्या करणाऱ्यांच्याच मागोमाग म्हातारी होते आहे. ज्यांनी लहानपणी वडिलांकडून लँकॅस्टरच्या गोष्टी ऐकल्या ते घेत होते. त्यांच्या नातवंडांना त्या भिंतीवर दुसरं काही लावायचं असतं.

खालची माणसं

एक गोष्ट या चित्रांत क्वचितच असते : जमीन. असलीच तर खूप खाली, धुरात, नकाशासारखी. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेसडेन शहरावर झालेल्या हल्ल्यांत सुमारे २५ हजार माणसं मेली, त्यांत बायका-मुलं आणि निर्वासित. बाँबर कमांडच्या माणसांना लंडनमध्ये स्मारक मिळायला जून २०१२ उजाडलं, त्यामागे हा प्रश्नही होता. लढाऊ वैमानिकाचं चित्र काढणं सोपं, तो शत्रूच्या विमानाशी भिडतो. बाँबरचं चित्र काढताना चित्रकाराला ठरवावं लागतं की चौकट कुठे कापायची.

ग्रीन पार्कमधल्या त्या स्मारकात फिलिप जॅक्सन या शिल्पकाराने मोहिमेवरून नुकत्याच परतलेल्या सात माणसांचे पुतळे उभे केले. विमान नाही, बाँब नाही. सात दमलेली माणसं. छताला हॅलिफॅक्स नावाच्या पडलेल्या बाँबरचं अॅल्युमिनियम वापरलं आहे. तिथल्या लेखात बाँबहल्ल्यांत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांची आठवणही आहे. प्रिंटच्या बाजाराला हा मार्ग अजून नीट सापडलेला नाही. पण चित्रात माणसं दिसत नाहीत ही जी पहिली अडचण, ती जॅक्सन यांनी विमानच काढून टाकून सोडवली, हे मला पटतं.

पन्नास रुपयांची कला

आपल्याकडे सह्यांच्या महागड्या प्रिंटचा बाजार रुजला नाही. ग्रुप कॅप्टन देब गोहैन यांच्यासारख्यांनी हवाई दलात नोकरी करून विमानांची चित्रं काढली. पण सामान्य माणसाच्या हाती येणारं, जमवण्याजोगं विमान-चित्र म्हटलं की ते बहुधा टपालातून आलेलं असतं. १९५८ मध्ये हवाई दलाच्या रौप्यमहोत्सवाची तिकिटं निघाली, १५ आणि ९० नव्या पैशांची. त्यांवर वापिटी हे जुनं दुपंखी विमान आणि तेव्हाचं नवं हंटर जेट एकत्र होतं. १९८२ मध्ये सुवर्णमहोत्सवाच्या तिकिटावर वापिटी पुन्हा आलं, या वेळी मिग-२५ सोबत.

आणि ते पाकीट. आर्मी पोस्टल सर्व्हिस, जी हवाई दलाचंही टपाल सांभाळते, एखाद्या स्क्वॉड्रनला राष्ट्रपतींचं निशाण मिळालं, पन्नास-पंचाहत्तर वर्षं झाली, की खास पाकीट काढते. डाव्या अर्ध्यात स्क्वॉड्रनचं चिन्ह आणि तिने उडवलेल्या विमानांची चित्रं. उजवीकडे तिकीट, आणि त्यावर त्या दिवसाचा, त्याच प्रसंगासाठी कोरलेला शिक्का. आत एक घडीपत्रक : स्क्वॉड्रन कुठे उभी राहिली, कुठे लढली, कुणाला कोणतं पदक मिळालं. तिकीट-नाण्यांच्या प्रदर्शनात जुन्या पाकिटांच्या खोक्यात ही पन्नास-शंभर रुपयांना सापडतात. चित्रं छोटी, छपाई कधी ढोबळ. तरी प्रिंटमध्ये जे तीन घटक मोलाचे, ते इथे आहेत : चित्र, मर्यादित संख्या, आणि साक्ष. फक्त ही साक्ष माणसाची नसून शिक्क्याची आहे. त्या तारखेनंतर तो शिक्का पुन्हा मारला जात नाही. आणि पाकिटावर जागा असते; एखादा संग्राहक ते घेऊन निवृत्त वैमानिकाच्या दारात गेला की प्रिंट आणि पाकीट यांतला फरक बराचसा मिटतो.

दाबोळीचं चित्र

कॅनबेरा पन्नास वर्षं उडून ११ मे २००७ ला आग्र्याला निवृत्त झाली. लोहगावहून निघालेल्या त्या डिसेंबरच्या सकाळचं चित्र काढायला कुणी बसलं, तर काय काय लागेल?

धावपट्टी आधी. दाबोळीची धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम आहे, आणि डिसेंबरच्या सकाळी सूर्य आग्नेयेला, खाली. विमानं पूर्वेकडून आली असं धरलं तर सूर्य पाठीशी, त्यांच्या सावल्या पुढे पळणाऱ्या आणि नाकाची काच अंधारी. समुद्राकडून आली तर काचेत सूर्य आणि आतला माणूस स्पष्ट. एका निर्णयाने अख्खं चित्र बदलतं, आणि तो कल्पनेने घ्यायचा नाही, मोहिमेची नोंद आणि तिथे असलेला माणूस यांना विचारून घ्यायचा. मग घुमट डावीकडे. मग पठारावरचा लाल जांभा, धावपट्टीच्या कडेला डिसेंबरात पिवळं पडलेलं गवत, एका बाजूला समुद्र, आणि न पाडलेली इमारत. ती चौकटीत घेतलीच पाहिजे, कारण तो हुकूमच होता.

सह्यांसाठी मात्र घाई करावी लागेल. १९६१ मध्ये पंचविशीत असलेला नॅव्हिगेटर आज नव्वदीच्या घरात आहे. एकच सोय आहे : लँकॅस्टरसारखे सात जण शोधायला नकोत. कॅनबेरात माणसंच दोन.